कार्तिकानंतरची दिल्ली

कार्तिकी पौर्णिमा उजाडली की आपल्या समाजात एक हालचाल सुरू होते. चार महिने एका गावी स्थिरावलेले साधू-साध्वीजी विहाराला निघतात. शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते आणि ज्यांना पालीताण्याला जाणे जमत नाही ते आपापल्या गावी सिद्धाचलाच्या पटाचे दर्शन घेतात. पावसाळ्यात जमिनीवर जीवांची उत्पत्ती वाढते, म्हणून पाय आवरावेत. जमीन कोरडी झाली, हवा निवळली की निघावे, हा क्रम आपल्याकडे शतकानुशतके चालत आला आहे. हिवाळ्याच्या आरंभी घराबाहेर पडण्याचा आनंद हा पर्यटनाच्या जाहिरातींनी आपल्याला शिकवलेला नाही. तो आपल्या पंचांगातच लिहिलेला आहे.

हे सारे मला ऐकून माहीत होते. त्याचा खरा अनुभव मात्र दिल्लीत आला. आमचे घराणे बार्शीचे, पिढीजात धान्याच्या आडतीचे. चार वर्षांपूर्वी आमच्या यजमानांनी कडधान्याच्या व्यवहारासाठी दिल्लीत शाखा उघडली आणि आम्ही रोहिणीत बिऱ्हाड थाटले. बाबूजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या निधनानंतर सासूबाईही आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचे वय तेव्हा शहात्तर. पंचावन्न वर्षांच्या संसारात त्या बार्शीहून बाहेर पडल्या त्या लग्नकार्याला, आणि एकदा संघाबरोबर शिखरजीला. दुकान बंद ठेवणे बाबूजींना मानवत नसे. दिल्लीचा भाव त्यांना रोज दूरध्वनीवरून कळत होता. दिल्ली त्यांनी कधी पाहिली नाही. आई दिल्लीत आल्या तेव्हा पहिले सहा महिने त्या खोली, देवघर आणि गच्ची एवढ्यातच वावरत असत. कोठे जाऊ या म्हटले की म्हणत, ‘‘माझे काय राहिले आहे आता पाहायचे? तुम्ही जाऊन या.’’

आश्विन सरत आला तशी दिल्लीची हवा पालटली, परंतु ती चांगल्या बाजूने नव्हे. या शहराच्या हिवाळ्याविषयी लिहिताना धुराचा विषय टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पंजाब-हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत शेतकऱ्याला थोडेच दिवस मिळतात. शेत मोकळे करण्यासाठी तो भाताचे खुंट पेटवतो. त्यात वाहनांचा व कारखान्यांचा धूर, बांधकामांची धूळ आणि दिवाळीच्या फटाक्यांची भर पडते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि सारा धूर खालीच कोंडला जातो. ज्या अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले त्या रात्री आपणही या धुरात भर घालावी का, हा प्रश्न दिल्लीत राहणाऱ्या जैन कुटुंबाला उपदेश म्हणून ऐकावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घसा आणि डोळेच तो विचारतात. आमच्या घरात फटाके नव्हतेच. तरी आईंचा खोकला त्या पंधरवड्यात वाढला आणि डॉक्टरांनी सांगितले की सकाळचे फिरणे बंद, बाहेर पडायचेच तर ऊन चढल्यावर. दुपारी उन्हाने हवा तापते, वर उचलली जाते, वारा खेळू लागतो आणि कोंडलेला धूर विरळ होतो.

डॉक्टरांचे हे वेळापत्रक ऐकून आई प्रथमच थोड्या हसल्या. कारण त्यांचे स्वतःचे वेळापत्रक जवळजवळ तेच होते. नोव्हेंबरच्या अखेरीस दिल्लीत सूर्य सुमारे सहा वाजून चौपन्न मिनिटांनी उगवतो आणि पाच वाजून चोवीस मिनिटांनी मावळतो. बार्शी-पुण्याकडे याच सुमारास सूर्यास्ताला सहा वाजत आलेले असतात. म्हणजे नवकारशीचे पच्चक्खाण असणाऱ्याने पावणेआठपूर्वी तोंडात पाणी घालायचे नाही आणि चौविहार करणाऱ्याने सव्वापाचच्या आत सारे आटोपायचे. खाण्यापिण्यासाठी उरतात दहा तासांपेक्षाही थोडे कमी. आपल्याकडच्या हिवाळ्यात हा फरक जाणवण्याइतका नसतो. उत्तरेत मात्र घड्याळाकडे पाहूनच दिवस आखावा लागतो.

येथेच आमच्या घरी एक छोटा वाद उभा राहिला. आमची कन्या महाविद्यालयात आहे. तिचे म्हणणे असे की दिल्लीची थंडी संध्याकाळी सुरू होते. दिवे लागल्यावर, वाफाळत्या पदार्थांच्या गाड्यांपाशी जी मौज असते ती दुपारी तीनच्या उन्हात कशी मिळणार? ‘‘आजीला घेऊन गेलो तर पाच वाजता घरी परतायचे, मग बाहेर पडायचे तरी कशाला?’’ ती आजीला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलली होती. पण आईंनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी आपण होऊन त्या नातीला म्हणाल्या, ‘‘तू मला दुपारची दिल्ली दाखव. संध्याकाळची तू तुझ्या मैत्रिणींबरोबर पाहा. मी पाचला परत येईन, तुला परत यायला लावणार नाही.’’ त्या दिवसापासून आमच्या रविवारांना वळण लागले. मेट्रोने निघायचे, अकराच्या आसपास पोहोचायचे, साडेतीन-चारला डबा उघडायचा आणि सूर्यास्तापूर्वी पाणी पिऊन चौविहार घ्यायचा. नात हवी तर मागे राहायची. पहिल्या दोन रविवारी ती राहिली. तिसऱ्या रविवारपासून आमच्याबरोबरच परत येऊ लागली. कोणी तिला काही सांगितले नव्हते.

पहिला रविवार चांदणी चौकाचा. लाल किल्ल्यासमोरच श्री दिगंबर जैन लाल मंदिराची तांबडी शिखरे दिसतात. त्याचा इतिहास शाहजहानच्या काळापर्यंत, सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जातो. आमचे घराणे श्वेतांबर मूर्तिपूजक. परंतु आईंनी दाराशी चप्पल काढताना पंथाचा विचार केला नाही. मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय त्यांना पाहायचे होते. १९५० च्या दशकापासून ते या जागी आहे आणि तेथे उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. पिंजऱ्यांच्या रांगांतून कबुतरे, पोपट, चिमण्या पंखांना पट्ट्या बांधून बसलेल्या असतात. मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार होतात, पण त्यांना शाकाहारी पक्ष्यांसोबत मुक्कामाला ठेवत नाहीत. बरे झालेले पक्षी गच्चीवरून आकाशात सोडले जातात. आई एका पिंजऱ्यापाशी बराच वेळ थांबल्या. तेथील सेवकाला त्यांनी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारले, ‘‘दाणा कौनसा देते हो?’’ त्याने डबा पुढे केला. त्यांनी चिमूटभर ज्वारी तळहातावर घेतली, फुंकर घातली आणि म्हणाल्या, ‘‘माल स्वच्छ आहे.’’ पंचावन्न वर्षे आडत्याच्या घरात काढलेल्या बाईची ती पसंती होती.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता आता दिवसा मोटारींना बंद आहे. २०२१ मध्ये त्याची नवी रचना झाली तेव्हापासून लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत वयस्कर माणसालाही बसत-उठत चालता येते. किनारी बाजारातून आत वळले की नौघरा नावाची गल्ली लागते. नऊ घरांची म्हणून नौघरा. जैन जवाहिऱ्यांची ही जुनी वस्ती, रंगीत नक्षीची दारे, आणि टोकाशी श्वेतांबर मंदिर. बाहेर जरीच्या दुकानांचा गोंगाट आणि आत एकदम शांतता. थोड्या अंतरावर धरमपुऱ्यात १८०७ मध्ये पूर्ण झालेले नवे मंदिर आहे. ते बांधवणारे राजा हरसुखराय हे मोगल दरबाराचे खजिनदार. मंदिर दोन शतकांहून जुने झाले तरी त्याचे नाव अजून नवेच आहे, याची आमच्या कन्येला मोठी गंमत वाटली.

थंडी सुरू झाली की या भागात दौलत की चाट नावाचा पदार्थ दिसू लागतो. दूध घुसळून त्याचा फेस काढतात, तो रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि सकाळी केशर-पिस्ते घालून विकतात. उन्हाळ्यात तो टिकतच नाही. दिसायला मेघासारखा हलका. आईंनी कृती विचारून घेतली; रात्रभर उघडे ठेवलेले दूध आणि दव हे ऐकल्यावर नम्रपणे हात जोडले. गाजराचा हलवा तर या दिवसांत दिल्लीच्या प्रत्येक मिठाईवाल्याच्या कढईत असतो. तो कंदमुळाचा म्हणून आम्हा सर्वांनाच वर्ज्य. मुळ्याचे पराठे, आल्याचा चहा, तेही नाही. एखाद्याला वाटेल, मग खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर खारी बावलीत मिळाले.

फतेहपुरी मशिदीच्या पलीकडे खारी बावलीचा घाऊक बाजार आहे. मसाले, डाळी, सुका मेवा यांची एवढी मोठी बाजारपेठ आशियात दुसरी क्वचितच असेल. तेथे पाऊल टाकताच मिरच्यांच्या तिखट धुळीने सर्वांनाच शिंका येतात. आई मात्र घरी आल्यासारख्या दिसू लागल्या. आमच्या घराण्यात फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत भाजीपाला, तीळ आणि सुका मेवा वर्ज्य असतो. ते आठ महिने संपून नुकतेच पंधरा दिवस झाले होते, आणि समोर काश्मीरचे नवे अक्रोड, चिलगोजे, अंजीर, मनुका यांच्या राशी होत्या. तिळाची गजक आणि रेवड्या होत्या. घरी परतताना मेथी आणि बथुआच्या जुड्या घ्यायच्या होत्या. बथुआ म्हणजे आपली चाकवताचीच भाजी. आठ महिने जे हाताने दूर ठेवले होते ते त्या दिवशी हाताने निवडायचे होते. त्यागाचा काळ संपल्यावर येणारी चव ही बारमाही खाणाऱ्याला कळणे कठीण आहे. आईंनी अक्रोड दोन मुठींत दाबून फोडला, गर वासाने पारखला आणि व्यापाऱ्याशी असा भाव केला की तो म्हणाला, ‘‘माताजी, आप तो हमारी लाइन के हो।’’ बाबूजी गेल्यानंतर त्यांना मी इतके खुललेले प्रथमच पाहिले.

आपल्या पूर्वजांचा या शहराशी संबंध किती जुना आहे हेही त्या बाजारात उभे राहून आठवावेसे वाटते. विबुध श्रीधर या कवीने ११३२ मध्ये अपभ्रंश भाषेत पार्श्वनाथांचे चरित्र रचले ते दिल्लीत, आणि त्याला आश्रय दिला तो नट्टल साहू नावाच्या जैन व्यापाऱ्याने. तेव्हा हे नगर ढिल्ली म्हणून ओळखले जाई आणि येथे तोमर राजे होते. पुढे खिलजींच्या काळात ठक्कुर फेरू हा श्रीमाळ जैन गृहस्थ दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने १३१५ मध्ये रत्नांच्या परीक्षेवर आणि १३१८ मध्ये नाण्यांच्या परीक्षेवर ग्रंथ लिहिला. कोणत्या नाण्यात किती चांदी, किती तांबे, याची त्यात नोंद आहे. आपला पेशा करीत असताना त्यातील ज्ञान पुढच्यांसाठी लिहून ठेवावे, ही बुद्धी आपल्या आजच्या व्यापारी घरांत किती जणांना होते?

दुसऱ्या रविवारी महरौलीला गेलो. कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच. त्याच्या शेजारील मशीद सत्तावीस मंदिरांच्या सामग्रीतून उभारली गेली असे तेथील फारसी शिलालेखच सांगतो. खांबांवर साखळीला लटकणाऱ्या घंटांची नक्षी आहे आणि नीट पाहिले तर काही ठिकाणी तीर्थंकरांच्या लहान आकृतीही दिसतात. तेथे उभे असताना मन खिन्न झाले. आई मात्र म्हणाल्या, ‘‘दगड आहेत अजून. ज्यांनी घडवले त्यांचे कर्म त्यांच्याबरोबर गेले, ज्यांनी पाडले त्यांचे त्यांच्याबरोबर.’’ तेथून जवळच दादाबाडी आहे. मणिधारी जिनचंद्रसूरींचा स्वर्गवास विक्रम संवत १२२३ मध्ये दिल्लीत झाला, त्यांचे हे स्मारक. आणि जवळच्या टेकडीवर अहिंसास्थळ : उद्यानाच्या मध्यभागी भगवान महावीरांची पद्मासनातील भव्य पाषाणमूर्ती, सभोवती हिवाळी फुलांचे वाफे, आणि दूरवर कुतुबमिनारचे टोक. दुपारचे ऊन पाठीवर घेत आम्ही तेथील बाकावर दीड तास बसलो. दिल्लीच्या हिवाळ्यातील उन्हाची गोडी काय असते ते त्या दिवशी कळले. आपल्याकडे ऊन टाळायचे असते. येथे ते मागून घ्यायचे असते. कार्यालयातील माणसेही दुपारी हिरवळीवर येऊन शेंगदाण्याची पुडी उघडतात आणि उन्हाकडे पाठ करून बसतात.

१४ ते २७ नोव्हेंबर या काळात प्रगती मैदानावर भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. १९८० पासून चालत आलेला हा मेळा व्यापारी कुटुंबाने एकदा तरी पाहावा. प्रत्येक राज्याचे दालन निराळे, आणि एकाच दुपारी काश्मीरच्या केशरापासून केरळच्या मिऱ्यांपर्यंत सारे हाताशी. आमचा मुक्काम लोकरीच्या दालनांत अधिक पडला, कारण आईंना शाल हवी होती. येथे ग्राहकाने थोडी चौकशी करावी. पश्मिना ही जिवंत शेळीच्या अंगावरील मऊ लव विंचरून काढतात. शाहतूश मात्र तिबेटच्या पठारावरील चिरू हरणाला ठार मारल्यावाचून मिळत नाही. म्हणून तिच्या व्यापारावर कायद्याने बंदी आहे. ‘अंगठीतून जाणारी शाल’ म्हणून कोणी कौतुक सांगू लागला तर श्रावकाने त्या मऊपणाची किंमत काय ते विचारावे. आईंनी हिमाचलच्या विणकराकडून जाडीभरडी मेंढीच्या लोकरीची शाल घेतली. एकच घेतली. ‘‘दोन घेऊन एक पेटीत ठेवायची, तर ती कसरीसाठी घेतल्यासारखी होईल,’’ असे त्या म्हणाल्या.

याच दिवसांत यमुनेच्या घाटांवर थंड प्रदेशांतून आलेले कुरव पक्षी उतरतात. नावेतून जाताना शेकडो पांढरे पंख डोक्यावरून भिरभिरतात, ते दृश्य विलक्षण सुंदर असते. नावाडी शेवेच्या पुड्या विकतात आणि प्रवासी त्या पाण्यावर उधळतात. आमच्या कन्येने पुडी घेतली नाही. तळलेले, खारट खाणे या पक्ष्यांचे अन्न नव्हे, त्याने त्यांना अपाय होतो असे पक्षी-अभ्यासक सांगतात, हे तिने आजीला समजावले. आईंना आधी ते पटेना; जीवदया म्हणून दाणे टाकण्याची त्यांना जन्माची सवय. मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे. आपल्याला बरे वाटावे म्हणून खाऊ घालणे निराळे, आणि त्याला बरे वाटावे म्हणून निराळे.’’ आजी-नातीत त्या दिवशी कोण कोणाला धर्म शिकवीत होते ते सांगणे कठीण होते.

मार्गशीर्षात आम्ही हस्तिनापूरला निघालो. दिल्लीपासून सुमारे ११० किलोमीटर, मेरठ जिल्ह्यातील हे क्षेत्र. शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ या तीन तीर्थंकरांची ही जन्मभूमी, आणि भगवान ऋषभदेवांनी दीर्घ तपानंतर श्रेयांसकुमाराच्या हातून उसाच्या रसाने पारणे केले ते याच नगरीत. त्या पारण्याची स्मृती म्हणून अक्षय्य तृतीयेला देशभरातील वर्षीतपाचे तपस्वी येथे येतात.

या जागी आईंचे एक जुने देणे होते. तीस वर्षांपूर्वी त्यांनी वर्षीतप केला होता. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे, असे तेरा महिने. आणि त्यातच घर, चार मुले, दुकानातील नोकरांचा स्वयंपाक. पारणे हस्तिनापूरला करायचे त्यांच्या मनात होते. परंतु अक्षय्य तृतीया येते ती नव्या हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या आवकेच्या दिवसांत. त्या वर्षी बाजार तेजीत होता, दुकान सोडणे अशक्य होते. पारणे बार्शीतच झाले, संघाने कौतुक केले, आईंनी कधी तक्रार केली नाही. मलाही हे ठाऊक नव्हते. मेरठच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, गुऱ्हाळांच्या चिमण्यांतून धूर निघत होता, गरम गुळाचा वास गाडीत येत होता. तो वास आल्यावर त्यांनी हे सांगितले, अगदी सहज, खिडकीबाहेर पाहत.

वाटेत चार साध्वीजी विहार करताना दिसल्या. गाडी थांबवून आम्ही वंदन केले. धुके पुरते विरले नव्हते. अंगावर पांढरी कांबळी, पाय अनवाणी, रस्त्याच्या कडेने शांत चाल. आम्ही जे अंतर तीन तासांत तोडणार होतो त्याला त्यांना आठ-दहा दिवस लागणार होते. जड वाहनांच्या या रस्त्यांवर विहार दिवसेंदिवस अवघड होत आहे. ज्या गावांवरून साधू-साध्वी जातात तेथील तरुणांनी पहाटे पुढे-मागे चालून, अंगावर चमकणारे पट्टे लावून सोबत करावी, एवढी सेवा तर आपल्याला करता येईल. थंडीतील सहलीचा विचार करताना या चालणाऱ्या पावलांचाही विचार व्हावा.

हस्तिनापूरच्या यात्रेची परंपराही जुनी आहे. जिनप्रभसूरींनी १३३३ मध्ये दिल्लीत पूर्ण केलेल्या ‘विविध-तीर्थ-कल्प’ या ग्रंथात या क्षेत्राचे वर्णन आहे. सतराव्या शतकातील आग्र्याचे व्यापारी-कवी बनारसीदास यांनी ‘अर्धकथानक’ या १६४१ मधील आत्मचरित्रात आपण आई व पत्नी यांना रथात घेऊन अहिच्छत्र-हस्तिनापूरला गेल्याचे लिहिले आहे. व्यापारात अनेकदा बुडालेला आणि पुन्हा उभा राहिलेला तो गृहस्थ. तरी आईला यात्रा घडवायला त्याने सवड काढली. येथील मोठे दिगंबर मंदिर १८०१ मध्ये उभे राहिले ते त्याच राजा हरसुखरायांच्या पुढाकाराने. आणि ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने १९८५ मध्ये पूर्ण झालेली जंबूद्वीपाची रचना आता सर्वांच्या ओळखीची आहे. मांगीतुंगीची १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती त्यांच्याच प्रेरणेने घडली, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेलच.

मार्गशीर्षातील हस्तिनापूर निवांत असते. अक्षय्य तृतीयेची गर्दी नाही, उन्हाची काहिली नाही. सर्व मंदिरांचे दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा तीन वाजले होते. रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी होती. आई थांबल्या. बर्फ नको, आले नको, असे त्यांनी स्वतः सांगितले. चरक धुऊन घ्यायला लावला. पेला नातीच्या हातात दिला आणि आपण दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मुलीला एक क्षण काही उमगले नाही; मग तिने हळूहळू रस ओंजळीत ओतला. रसवाला आपले काम थांबवून पाहत राहिला. तीन वेळा ओंजळ भरली. आईंनी डोळे मिटून नवकार म्हटला, तोंड पुसले आणि म्हणाल्या, ‘‘आपल्याकडच्यापेक्षा रस पातळ आहे.’’

एवढेच. परतीच्या वाटेवर त्या झोपल्या. सूर्यास्तापूर्वी उठवून पाणी दिले, त्यांनी चौविहार घेतला. रात्री बार्शीला धाकट्या बहिणीला दूरध्वनी करून त्या पाऊण तास बोलत होत्या. बंद दारातून मला मधूनच हसणे ऐकू येत होते.

हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्या व्यापारी घरांत सहलीचा विचार बहुधा मुलांच्या सुट्टीला आणि दुकानाच्या सवडीला जोडलेला असतो. घरातील वयस्कर स्त्रिया त्या हिशेबात क्वचितच येतात. त्यांची चौविहाराची वेळ, त्यांचे पथ्य, त्यांची हळू चाल यांची आपल्याला अडचण वाटते, आणि त्यांनाही ती जाणवते, म्हणून त्या ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात. त्या शब्दांवर आपण फार लवकर विश्वास ठेवतो. उत्तरेत जाणे होणार असेल तर कार्तिकी पौर्णिमेनंतरचे तीन-चार आठवडे निवडावेत. नोव्हेंबरच्या अखेरीस रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, पण कडाक्याची थंडी आणि पौष-माघातील दाट धुके अजून दूर असते. दिवस अकरा ते चार असा आखावा. हवेचा निर्देशांक पाहूनच निघावे. तो वाईट असेल त्या दिवशी घरीच सामायिक करावे. डबा बरोबर न्यावा, उकळलेले पाणी न्यावे. आणि ज्यांच्यासाठी निघायचे त्यांना आधी विचारावे की तुमचे कोठे जायचे राहून गेले आहे.

यंदा कार्तिक जवळ आला आहे. आईंनी गेल्याच आठवड्यात नातीकडून पंचांग मागवून घेतले आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आपल्या लहान वहीत उतरवल्या आहेत. यंदा अहिच्छत्र पाहायचे आहे म्हणतात.